वागुरा, वाडा आणि बाणाई : जुन्नर-आंबेगावकडील मेंढपाळ जीवन व वधूप्राप्ती

मेंढपाळ धनगरांविषयी लिहिताना मराठी लेखक 'भटके' हे विशेषण इतक्या सहजतेने योजतात की, ते मुळात कोणाच्या मुखातील आहे हा प्रश्न सहसा उपस्थितच होत नाही. शासकीय वर्गीकरणातही हा समाज 'भटक्या जमाती' ह्या सदराखाली येतो. भटकणे ह्या क्रियापदाला दिशाहीनतेची छटा आहे. वासरू भटकते, मन भटकते. स्वतः मेंढपाळ मात्र आपल्या हालचालीस 'मेंढरांमागे जाणे' म्हणतो, आणि तिच्या दोन टोकांसाठी त्याच्यापाशी दोन नेमकी क्रियापदे आहेत : दिवाळी झाल्यावर कोकणात 'उतरावयाचे' आणि पावसाच्या आत घाटावर 'चढावयाचे'. त्याला स्वतःचे गाव असते, गावी घर असते, कित्येकदा थोडी कोरडवाहू जमीनही असते. वाट ठरलेली असते आणि वाटेवरील शेतकरीही बहुधा ठरलेले असतात. तेव्हा 'भटका' हा शब्द गावाच्या वेशीवर उभे राहून पाहणाराचा आहे, चालणाराचा नव्हे. शब्दाची ही दिशा एकदा ध्यानात आली म्हणजे ह्या समाजाच्या इतिहासाकडे पाहण्याची दृष्टीही थोडी बदलते.

प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव ह्या दोन तालुक्यांच्या अनुषंगाने ह्या जीवनाचा, आणि त्यातही विशेषतः वधू कशी मिळते ह्या प्रश्नाचा, विचार केला आहे. हा प्रश्न गौण वाटेल; पण ज्या समाजाची मालमत्ता चालती असते त्या समाजात विवाह हा श्रमाच्या वाटणीचा प्रश्न असतो, आणि त्याची खूण त्या समाजाच्या दैवतकथेत उमटलेली असते, असे मला वाटते.

भूगोलापासून आरंभ करणे भाग आहे. ह्या दोन तालुक्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीची धार आहे : जुन्नरच्या बाजूस नाणेघाट आणि माळशेज, आंबेगावच्या बाजूस भीमाशंकर. येथे पावसाळ्यात अतोनात पाऊस पडतो. कुकडी, मीना, पुष्पावती आणि घोड ह्या नद्या येथून निघून पूर्वेकडे वाहतात, आणि एका दिवसाच्या मजलीने थोडे अधिक गेले की आणे पठार, बेल्हे, लोणी-धामणी हा पर्जन्यछायेचा, कुसळी गवताचा आणि बाजरीचा टापू लागतो. एकाच तालुक्यात भात पिकतो आणि बाजरीही पिकते. मेंढीला ओल सोसत नाही. चिखलात तिचे खूर कुजतात. म्हणून पावसाळा पूर्वेकडील माळावर काढावयाचा आणि माळ सुकला की पश्चिमेकडे सरकावयाचे, हा क्रम मनुष्याने ठरविला असे म्हणण्यापेक्षा ढगांनी ठरवून दिला असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. शेजारच्या पारनेर व संगमनेर तालुक्यांतील कळपही ह्याच खोऱ्यांतून घाटमाथ्याकडे जातात. काही माळशेजने खाली उतरतात, काही जुन्नर-आंबेगावच्या कापणी झालेल्या शेतांतच हिवाळा व उन्हाळा काढतात.

हा क्रम किती जुना आहे? घोड नदी आंबेगावच्या डोंगरांत उगम पावते आणि पुढे शिरूर तालुक्यात इनामगावाजवळून जाते. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ ह्या काळात इनामगाव येथे केलेले उत्खनन सर्वश्रुत आहे. तेथील उत्तर जोर्वे कालखंडात, म्हणजे स्थूलमानाने इ. स. पूर्व १००० ते ७०० ह्या काळात, चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, आणि शेतीचा आधार कमी होऊन शेळ्या-मेंढ्यांवरील भिस्त वाढली. मधुकर ढवळीकर ह्यांनी ह्याचे कारण वाढत्या कोरडेपणात शोधले. हे मत स्वीकारले तर एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो : ह्या खोऱ्यात मेंढपाळ जीवन ही शेतीपूर्वीची 'मागासलेली' पायरी नसून शेती हरली तेव्हा शेतकऱ्यांनीच पत्करलेली वाट होती. संस्कृतीच्या पायऱ्या शिकारी, पशुपालक, शेतकरी अशा क्रमाने मांडण्याची आपली पाठ्यपुस्तकी सवय येथे उपयोगी पडत नाही.

नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिका हिच्या लेखात यज्ञदक्षिणा म्हणून दिलेल्या गाईंची गणना हजारांनी केली आहे. घोडे आहेत, हत्ती आहेत, कार्षापण आहेत. राजलेखाला दानयोग्य पशूच दिसावेत हे स्वाभाविक आहे. ज्या वाटेने व्यापाऱ्यांचे तांडे उतरत त्याच वाटांनी कळपही उतरत असणार, पण त्याचा लेख कोणी कोरला नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात पुण्याच्या परिसरातील सूक्ष्मास्त्रांची स्थाने, शेंदूर लावलेले दगड आणि मेंढपाळांच्या वाटा ह्यांचा संबंध दाखविला. त्यांच्या सर्वच अनुमानांशी सहमत होता येत नाही. तथापि पायांनी वाट तुडवून पुरावा गोळा करण्याची त्यांची रीत आजही अनुकरणीय आहे, आणि ग्रंथालयात बसून धनगरांविषयी लिहिणाऱ्या आम्हा भाषाभ्यासकांना ती थोडी लाजविणारीही आहे.

आता शब्दांकडे वळतो. 'धनगर' ह्या नावाची व्युत्पत्ती बहुधा संस्कृत 'धन' म्हणजे पशुधन ह्यावरून देतात. पूर्वपदाबद्दल वाद नाही. खरा प्रश्न उत्तरपदाचा आहे. संस्कृत '-कार' ह्याचे मराठीत '-आर' होते : कुंभकार-कुंभार, सुवर्णकार-सोनार, लोहकार-लोहार, चर्मकार-चांभार. 'धनकार' असा मूळ शब्द मराठीच्या अंगाने उतरला असता तर आपल्या हाती 'धनार' आला असता. 'ग' टिकला, हे कन्नडचे लक्षण आहे. कन्नडमध्ये '-गार' हा प्रत्यय धंदेवाचक नावांना सर्रास लागतो : बांगड्या विकणारा तो 'बळेगार', फुले विकणारा तो 'हूगार'. कन्नडमध्ये गुरांना 'दन' म्हणतात. तो शब्दही बहुधा 'धन' ह्यापासूनच आलेला असावा. म्हणजे संस्कृत शब्द कन्नडच्या घरी जाऊन, तेथील प्रत्यय घेऊन मराठीत परतला आणि येथे आल्यावर 'धन' शब्दाच्या ओळखीने पुन्हा महाप्राण झाला, अशी मांडणी करता येते. '-गार' मधील आकार ऱ्हस्व कसा झाला, ही तिच्यातील अडचण आहे. सौदागर, जादूगर अशा फारसी वळणाच्या शब्दांच्या साहचर्याने तसे झाले असणे शक्य आहे, पण एवढ्यावर ती अडचण मिटली असे मी म्हणणार नाही.

धनगरांच्या दैवतांची परिभाषा मात्र ह्या दिशेला भक्कम पाठिंबा देते. खंडोबाच्या नावाने होणारा 'येळकोट' हा घोष म्हणजे कन्नड 'एळु कोटि', सात कोटी. त्याच्या प्रधानाचे 'हेगडी' हे नाव म्हणजे कन्नड 'हेग्गडे', गावचा मुख्य. देव स्वतः कर्नाटकात मैलार आहे. धनगरांतील 'हटकर' ह्या शाखेच्या नावाचा संबंध काहीजण हट्टाशी लावतात. कन्नड 'हट्टि' म्हणजे गुरामेंढरांचा गोठा किंवा त्याभोवतीची वस्ती. हा संबंध मला अधिक संभवनीय दिसतो. हट्टी माणसे सर्वच जातींत असतात.

'वाडा' हा ह्या जीवनाचा मध्यवर्ती शब्द होय. पुण्याच्या वाचकाला वाडा म्हटले की चौक, दिंडी दरवाजा आणि भाडेकरू आठवतात. मेंढपाळांचा वाडा म्हणजे एकत्र चालणाऱ्या काही कुटुंबांचा समूह, आणि त्या समूहाचा मुक्कामही. संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा, ह्यापासून दोन्ही अर्थ निघाले. एकाने भिंती चढविल्या, दुसऱ्याने कुंपण बरोबर घेतले. हे बरोबर घेतलेले कुंपण म्हणजे 'वाघर'. खुंट्यांवर ताणलेल्या जाळीच्या ह्या कोंडवाड्यात रात्री मेंढरे बंद करतात. वाघापासून रक्षण करते ती वाघर, असे लोक सांगतात. परंतु संस्कृत 'वागुरा' म्हणजे हरणे पकडण्याचे जाळे, आणि मराठी 'वाघर', 'वाघूर' ही त्याचीच रूपे आहेत. शिकाऱ्याचे जाळे मेंढपाळाच्या हाती येऊन उलटे झाले : ज्याने प्राण्याला धरावयाचे त्याने आता प्राण्याला राखावयाचे. आणि मग लोकव्युत्पत्तीने त्यात वाघ आणून बसविला.

वाड्याचा दिवस कसा जातो हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण विवाहाचा प्रश्न त्यावरच अवलंबून आहे. सकाळी पुरुष मेंढरे घेऊन चरावयास जातात. मुक्काम हलवावयाचा असेल तर तो बायका हलवितात. वाघर गुंडाळणे, खुंट्या उपटणे, भांडी, धान्य, अंथरुणे घोड्यांवर लादणे, नुकती जन्मलेली कोकरे आणि कोंबड्या ह्यांची सोय लावणे, लहान मुलांना वर बसविणे, कुत्र्यांसह पुढच्या शेतापर्यंत चालत जाणे, तेथे उतरून पाणी आणणे आणि पुरुष येईपर्यंत चूल पेटवून वाघर उभी करणे, हे सर्व स्त्रियांकडे असते. रात्री मेंढरे ज्या शेतात बसतात त्या शेताला लेंड्यांचे व मुताचे खत मिळते. ह्याला मेंढरे 'बसविणे' म्हणतात. शेतकरी त्याबद्दल पूर्वी धान्य देई. घाटावर ज्वारी-बाजरी, कोकणात भात. आता बहुतेक ठिकाणी पैसा देतात. कोणाच्या शेतात किती रात्री बसावयाचे ह्याची बोलणी पुरुष करतात. परंतु मिळालेले धान्य किती दिवस पुरवावयाचे हा हिशेब बायकांचा असतो.

म्हणजे कळप कितीही मोठा असला तरी बाई नसेल तर वाडा हलू शकत नाही. मुलीचे लग्न झाले की पित्याच्या वाड्यातून दोन हात, एक घोडी हाकणारी आणि कोकरांची राखण करणारी व्यक्ती निघून जाते. तेथे मुलगी म्हणजे भार नव्हे. ती गेली की वाडा खुरडतो. म्हणूनच अशा समाजांत पूर्वी हुंड्याऐवजी वधूमूल्याची, म्हणजे 'देज' देण्याची, चाल असे. 'देज' हा शब्द संस्कृत 'देय' ह्यावरून प्राकृत 'देज्ज' ह्या द्वारे आला आहे : जे देणे लागते ते. ज्याच्यापाशी देण्यास काही नसे त्याने श्रम द्यावेत, सासऱ्याची मेंढरे राखावीत, हे ओघानेच आले. इरावती कर्वे ह्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी होणाऱ्या विवाहाची चर्चा केली आहे. मेंढपाळांच्या बाबतीत ह्या पसंतीला एक व्यावहारिक बाजूही असावी : मामाच्या वाड्यात भाच्याने लहानपणापासून मेंढरे वळलेली असतात, त्याच्या हातची पारख अगोदरच झालेली असते.

मेंढपाळ समाजात तरुण-तरुणींचे प्रणयाराधन उघडपणे चालते अशी जी कल्पना ललित वाङ्मयाने रूढ केली आहे तिला आपल्याकडे आधार नाही. विवाह वडीलधारी माणसे ठरवितात. कुळी, देवक आणि शाखा पाहतात. वाड्यात आडोसा नसतो. सर्वांचे सर्वांना दिसते. जे वाड्यात बोलता येत नाही ते देवाच्या नावाने बोलले जाते, आणि येथेच बाणाईची कथा येते.

धनगरी ओवीची रीत अशी : रात्री, बहुधा देवाच्या ठिकाणी, पुरुष ढोलाच्या साथीने 'सुंबरान' मांडतात. सुंबरान म्हणजे स्मरण. गाइलेला भाग झाला की तोच प्रसंग गद्यात सांगतात, मग पुन्हा गायन. गुंथर सोन्थायमर ह्या जर्मन संशोधकाने पुण्यास राहून, धनगरांबरोबर हिंडून अशा ओव्या मोठ्या प्रमाणावर ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा ह्यांवरील त्याचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मन भाषेत निघाला आणि १९८९ मध्ये अॅन फेल्डहाउस ह्यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. रा. चिं. ढेरे ह्यांचा 'खंडोबा' त्याआधी १९६१ मध्येच प्रसिद्ध झाला होता. भाषाभ्यासकांनी मात्र ओवीतील गद्य भागाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. पद्यात जुने शब्द गोठतात, पण चालू बोली कळते ती मधल्या सांगण्यातून.

कथा थोडक्यात अशी. मल्हारी जेजुरीस राज्य करतो. म्हाळसा ही त्याची पहिली पत्नी, नेवाश्याच्या तिमशेट वाण्याची मुलगी. मल्हारीचे मन चंदनपुरीच्या धनगराच्या मुलीवर, बाणाईवर, जाते. तो म्हाळसेशी सारीपाट मांडतो, पणात हरतो, आणि त्या निमित्ताने बारा वर्षांचा वनवास पत्करून चंदनपुरीस येतो. चंदनपुरी आजच्या नाशिक जिल्ह्यात मालेगावाजवळ गिरणेच्या काठी आहे. तेथे तो दीन गड्याचे सोंग घेऊन बाणाईच्या घरी मेंढरे राखण्याचे काम मागतो आणि चाकर म्हणून राहतो. पुढे त्याला मेंढरे धुवून आणावयास सांगतात. तो ती नदीवर नेतो आणि, काही कथनांत, परीट जसा कपडा आपटतो तशी दगडावर आपटतो. सारा कळप मरतो. बाणाई आकांत करते. मेंढरे जिवंत करीन, पण माझ्याशी लग्न केले पाहिजे, अशी अट तो घालतो. कळप उठतो, लग्न होते, आणि बाणाईला घेऊन तो जेजुरीस येतो.

ह्या कथेचा रूढ अर्थ असा लावतात की, खंडोबाच्या उपासनेत वेगवेगळे समाज समाविष्ट होत गेले. वाण्यांची म्हाळसा आली, धनगरांची बाणाई आली. सोन्थायमरने ह्याच्याही पुढे जाऊन दोन पत्नींमध्ये दोन जीवनपद्धती पाहिल्या : एक वस्तीची, एक रानाची. हे बरोबर आहे; पण ह्यात कथेतील सर्वांत विलक्षण गोष्ट सुटते. देव असूनही त्याला मुलगी मागून मिळत नाही, जिंकूनही मिळत नाही. त्याला चाकरी करावी लागते. जो मणी-मल्लांना मारतो तो कोकरे सांभाळतो. देजऐवजी श्रम ही वाड्यातील जुनी तडजोड येथे देवालाही लागू केलेली आहे, आणि ऐकणाऱ्या धनगराला ह्यात मिळणारे समाधान आपण सहज समजू शकतो. आमच्या मुलीसाठी राजानेसुद्धा आधी मेंढरांमागे चालावे.

मेंढरे धुण्याचा प्रसंगही निव्वळ चमत्कारासाठी आलेला नाही. लोकर कातरण्यापूर्वी मेंढरे पाण्यात घालून धुण्याची रीत आहे. ते कसबाचे काम असते, भिजलेले जनावर घाबरते, दमते. नव्या गड्याची परीक्षा अशाच कामात होते. मल्हारी त्या परीक्षेत सपशेल नापास होतो, कारण त्याला कापड माहीत आहे, जनावर माहीत नाही. जी चूक कोणाही गावकऱ्याने केली असती तीच देव करतो. परंतु मेलेला कळप उठविणे हे कोणाही मेंढपाळाच्या हाती नसलेले सामर्थ्य त्याच्यापाशी आहे. रोगाची साथ आली की एका आठवड्यात वाडा उघडा पडतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला ह्या वराची योग्यता वेगळी सांगावी लागत नाही.

ह्या जातीची कथा फार दूरही सापडते. बायबलातील याकोब लाबानाची मेंढरे सात वर्षे राखतो आणि फसवणूक झाल्यावर आणखी सात वर्षे राखतो, हे पुष्कळांस ठाऊक असेल. त्याहून जवळचे साम्य कझाक स्टेपवरील कोझी कोर्पेश व बायान सुलू ह्यांच्या महाकाव्यात आहे. सारीबाय व काराबाय हे दोन श्रीमंत पशुपालक मित्र आपल्या न जन्मलेल्या मुलांचे लग्न ठरवितात. सारीबाय मरतो, काराबाय पोरक्या मुलास मुलगी देणे नाकारतो आणि आपले कळप घेऊन दूर निघून जातो. कोझी मोठा होऊन तिचा शोध काढतो आणि टकल्या पोराचे सोंग घेऊन काराबायच्याच मेंढरांवर चाकर राहतो. सोंग, चाकरी, सासऱ्याचा कळप : तिन्ही गोष्टी चंदनपुरीच्याच. परंतु तेथे कथेचा शेवट मृत्यूत होतो. कोदार हा बलाढ्य प्रतिस्पर्धी कोझीचा घात करतो आणि बायानही जगत नाही.

एकाने दुसऱ्याकडून कथा घेतली असे सुचविण्याचा माझा हेतू नाही. त्याची गरजही नाही. उपयोग आहे तो फरकाचा. कझाक समाजात वर आणि वधू दोघेही पशुपालकच. तेथे थंडीचा तळ 'किस्ताऊ' आणि उन्हाळ्याचे कुरण 'झाइलाऊ' ह्यांमध्ये सारी मंडळी कळपांसह हलत, आणि वधूमूल्य, 'कालिम', जनावरांच्या रूपात दिले जाई. पोरक्या कोझीचा बाप गेला आणि देणारा गेला; भांडण संपत्तीचे आहे आणि ते एकाच जीवनपद्धतीच्या आत आहे, म्हणून ते रक्तपाताने सुटते. दख्खनमध्ये मेंढपाळ कधीच एकटा नसतो. ज्याच्या शेतात रात्री मेंढरे बसवावयाची तो शेतकरी आणि ज्याच्याकडून मीठ-धान्य घ्यावयाचे तो वाणी त्याच्या पावलोपावली आहेत. येथील कथेत भांडण दोन जीवनपद्धतींमधले आहे, आणि ते मारून सुटत नाही. त्याची वाटणी करावी लागते. जेजुरीच्या गडावर म्हाळसा देवाशेजारी आहे आणि बाणाईचे देऊळ चढणीवर अर्ध्या वाटेत आहे. वाघ्या-मुरळी ज्या म्हाळसा-बाणाईच्या भांडणाची गाणी म्हणतात त्यांत अन्न, वस्त्र आणि अंगाचा वास ह्यांवरून एकमेकींस टोमणे असतात. देवाने मेंढ्यांच्या वासाची बाई घरात आणली, ही तक्रार गावाची आहे. ती गाण्यात शेकडो वर्षे निकालात न निघता राहिली, कारण प्रत्यक्षातही कोणी कोणाला सोडू शकत नव्हते.

कझाकांकडे 'किझ कू' नावाचा एक खेळ आहे : तरुण घोड्यावरून तरुणीचा पाठलाग करतो, गाठले तर तिचे चुंबन घेतो, आणि न गाठता आले तर परतीच्या दौडीत तीच त्याला चाबकाने झोडपते. आपल्याकडील वाड्यात घोडी बाईच्याच हाती असते, पण तिच्यावर भांडी लादलेली असतात.

ह्या दोन तालुक्यांत खंडोबाची स्थाने पुष्कळ आहेत. जुन्नर तालुक्यात धामणखेल व नळवणे, आंबेगावात धामणी आणि नागापूरचा थापलिंग गड ही त्यांतील प्रसिद्ध. थापलिंगाची यात्रा पौष पौर्णिमेस भरते. चंदनपुरीची यात्राही त्याच पर्वातली. आज मात्र थापलिंगाचे नाव घेतले की लोकांना बैलगाड्यांच्या शर्यती आठवतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा ग्राह्य ठरविला. ह्या सर्व काळात चर्चा बैलाची झाली. देवाच्या कथेतले जनावर मेंढी आहे, ह्याची आठवण त्या गर्दीत कोणाला फारशी राहत नाही.

मेंढी आणि शेत ह्यांचा जुना करार गेल्या अर्धशतकात झपाट्याने बदलला. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ह्या धरणांनी खोऱ्यातील शेत वर्षभर ओले ठेवले. डिंभ्याच्या पाण्याखाली तर ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते आंबेगावच गेले. जेथे खरिपानंतर धसकटे उरत तेथे ऊस, कांदा आणि टोमॅटो उभे राहिले. रिकामे शेत नाही म्हणजे चराई नाही, आणि रासायनिक खताच्या गोणीमुळे मेंढरे बसविण्याची निकड कमी झाली. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य झाले आणि घाटमाथ्यावरील चराईवर निर्बंध आले. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर विकून कातरणीचा खर्चही निघेनासा झाला. घोंगडी आता बहुधा देवाच्या व लग्नाच्या विधीपुरती उरली. कळप राहिला तो मांसासाठी. कैलाश मल्होत्रा व माधव गाडगीळ ह्यांनी १९८० च्या सुमारास धनगरांच्या निरनिराळ्या शाखांचा अभ्यास करताना प्रत्येक शाखेचा व्यवसाय विशिष्ट पर्यावरणाशी कसा जुळलेला आहे हे दाखविले होते. ती जुळणी त्यांच्यासमोरच सैल होऊ लागली होती.

उसाबरोबर बिबट्या आला. जुन्नर परिसरात बिबट्यांची संख्या इतकी वाढली की माणिकडोह येथे त्यांच्यासाठी निवारा केंद्र चालवावे लागते. उसात दडलेला बिबट्या रात्री वाघरीवर येतो, आणि वाड्यातील माणसे मेंढरांलगतच उघड्यावर निजतात. व्युत्पत्तीने खोटा ठरविलेला वाघ अशा रीतीने शब्दात खरा होऊन बसला. तागाच्या वा सुताच्या जागी वाघर आता नायलॉनची झाली आहे. नाव तेच आहे.

परंतु वाड्यावरचा सर्वांत मोठा आघात चराईचा नव्हे, बिबट्याचाही नव्हे. शाळा शिकलेल्या मुली मेंढरांमागे फिरणाऱ्या मुलाशी लग्न करावयास तयार नसतात, आणि त्यांचे आईबाप, जे स्वतः आयुष्यभर वाड्याबरोबर चालले, तेही त्यांना त्या कामी देऊ इच्छित नाहीत. उघड्यावरचे बाळंतपण, डोक्यावरचे पाणी, रोजची मोडलेली चूल ह्यांचा अनुभव असलेल्या आईचा हा नकार कोणालाही चुकीचा म्हणता येणार नाही. वराकडून आता अपेक्षा असते ती पक्क्या घराची, पगाराच्या नोकरीची, नाहीतर निदान गावात एखाद्या दुकानाची. मल्हारीला बाणाईसाठी मेंढरे राखावी लागली; आज तिच्याच कुळातील मुलाला वधूसाठी मेंढरे विकावी लागतात. ज्या घरात एका भावाने कळप ठेवावयाचा ठरविला त्या घरात तो बहुधा आधीच लग्न झालेला थोरला असतो, धाकटा चाकणकडे कारखान्यात जातो, आणि चरावयास माणूस कमी पडला म्हणून वर्षाच्या बोलीवर गडी ठेवावा लागतो. हा गडी कित्येकदा परजातीचा आणि परगावचा असतो, आणि मेंढरे धुण्यापासून सर्व काम त्याला नव्याने शिकवावे लागते.